चौदा दिवसांचं सुवेर

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. घरात चार मांजरं: अकरा वर्षांचा बोका, पाच वर्षांची बहीण-भावाची जोडी आणि दीड वर्षाची एक भाटी. पहिल्या तिघांची नसबंदीची ऑपरेशनं झालेली, धाकटीचं राहिलेलं. लसी लहानपणी दिल्या, पुढचं आठवत नाही. सोसायटीतली एक भटकी मांजर गॅलरीतून आत आली आणि लहान बेडरूममधल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या साड्यांवर व्याली. चार पिल्लं, डोळे आत्ता किलकिले झालेत, त्यातलं एक पांढरं बाकीच्यांहून लहान आहे. घरची मांजरं दाराशी बसून फिस्कारतात. यांना एकत्र कधी करायचं? आमची मांजरं पिल्लांना मारतील का? हात लावला तर आई पिल्लं टाकून देईल असं सासूबाई म्हणतात, ते खरं का? आणि पिल्लांना गाईचं दूध द्यायचं का?

ताई, मी डॉक्टर नाही. ठाण्यात राहते, गेली सोळा-सतरा वर्षं घरच्या मांजरांच्या जोडीनं बाहेरची पिल्लं सांभाळून घरं शोधून देते. वजनांच्या सात वह्या भरल्यात, त्यातलंच सांगते. औषधाचा डोस मात्र मला विचारू नका, तो तुमच्या डॉक्टरांनी पिल्लू हातात घेऊन ठरवायचा.

तुमचा सगळा भर 'एकत्र कधी करू' यावर आहे. मी तुमच्या जागी असते तर तो प्रश्न दोन महिने बाजूला ठेवला असता. घरची मांजरं पिल्लांना मारतील ही भीती मला फारशी वाटत नाही. ऑपरेशन झालेला अकरा वर्षांचा बोका पिल्लं बघून फ्रिजच्या मागे जाऊन बसेल, फार तर एक चापटी मारेल. पिल्लांच्या जिवावर उठतो तो बाहेरचा, ऑपरेशन न झालेला बोका, म्हणून गॅलरीचं दार लावून घ्या. खरी काळजी उलट बाजूची आहे. ही बाई रस्त्यावरून काय घेऊन आलीय, आणि ते तुमच्या हाताला, गाऊनला, चपलेला चिकटून बाकीच्या घरात केव्हा पोचतं, याची. सगळी मदार त्या लहान बेडरूमच्या दारावर आहे.

आपल्याकडे बाळंतिणीचं सुवेर दहा दिवस पाळत. तिची खोली वेगळी, भांडी वेगळी, त्या खोलीत जाऊन आलेल्यानं हात-पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यातला विटाळाचा भाग सोडून द्या, पण व्यवस्था म्हणून मला ती फार उपयोगी वाटते. मांजरीच्या बाबतीत मी दहाचे चौदा करते, आणि चौदा का, ते माझ्या घरात घडलेल्या एका गोष्टीवरून सांगते.

२०१३ चा मे महिना. माझ्याकडे तेव्हा तीन मांजरं होती. मासळी बाजारातून एक दीड महिन्याचं पिल्लू उचलून आणलं. नाक-डोळे स्वच्छ, खायला वाघ. दोन दिवस बाथरूममध्ये ठेवलं, तिसऱ्या दिवशी दया आली म्हणून बाहेर काढलं. सहाव्या दिवशी सकाळी ते पाण्याच्या वाटीपाशी बसलेलं दिसलं. हनुवटी वाटीच्या काठावर टेकलेली, नाक पाण्यापासून बोटभर लांब, आणि पीत नव्हतं. नुसतं बसलं होतं. मला वाटलं, उन्हाळा आहे, गारव्याला बसलंय. दुपारी पिवळा फेस ओकलं, रात्री जुलाब लागले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं. त्यानंतर आठवड्याच्या आत माझी स्वतःची दीड वर्षाची चिमी तशीच वाटीपाशी जाऊन बसली. तिची लस 'घरातच तर असते' म्हणून राहून गेली होती. तीही गेली. दुसऱ्या दोघांना लस होती, त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही.

हा पॅनल्यूकोपेनिया, कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूचा चुलत भाऊ. माणसाला होत नाही, पण लस नसलेल्या मांजरांत, त्यातही पिल्लांत, घर रिकामं करतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते दहा दिवस लागतात, म्हणून चौदा दिवसांचं कुंपण. दुसरं म्हणजे हा विषाणू खोलीत, फटीत, पायपुसण्यात वर्षभरसुद्धा तग धरू शकतो. साबणाच्या पाण्यानं घाण निघते, पण हा मरत नाही. साधं ब्लीच, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइट, लिटरभर पाण्यात ३० मिली घालून फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं आणि मग स्वच्छ पाण्यानं पुसायचं, यानं तो मरतो. आधी घाण पुसून मगच ब्लीच, नाहीतर उपयोग होत नाही. लघवीच्या थारोळ्यावर थेट ओतू नका आणि संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. पुसताना मांजरं खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि खिडकी उघडी.

फिनाईल मात्र या घरातून हद्दपार करा. आपल्याकडे मांजरानं घाण केली की पहिली बाटली फिनाईलची निघते, आणि नेमकी तीच मांजराला बाधते. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. ते ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. डेटॉलचंही तसंच आहे. पिल्लांची चादर डेटॉलमध्ये बुडवून धुणारे पुष्कळ भेटतात. गरम पाणी, साधी साबण पावडर आणि कडक ऊन पुरे आहे.

आता खोली. त्या लहान बेडरूममध्ये कुणी झोपत असेल तर चौदा दिवस त्यांचं अंथरूण हॉलमध्ये घाला. दाराच्या आतल्या बाजूला एक जुना गाऊन आणि एक स्लिपरचा जोड ठेवा. आत गेलात की गाऊन चढवायचा, निघताना तिथंच काढायचा, बाहेर येऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. वाट्या, खोरं, झाडू वेगळे. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गुंडाळून लावा, तुमची मांजरं तिथूनच पंजे घालत असणार. आणि क्रम कायम असा ठेवा: सकाळी आधी घरच्या चौघांचं खाणं-पिणं, खेळणं, माती बदलणं, आणि मग शेवटी बाळंतीण. उलटं करू नका. दोन खोल्यांच्या घरात हे जमेल का, असं तुम्ही विचाराल. एका खोलीच्या घरात मी एकीला बाथरूममध्ये बसवून हे केलंय. त्रास होतो, पण जमतं. खोली नसतीच तर मी तुम्हाला पिल्लं आत ठेवूच नका असं सांगितलं असतं. जिन्याखाली पावसापासून आडोसा करून, खाणं देऊन बाहेरच सांभाळणं हाही वाईट पर्याय नसतो.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून मांजर पिल्लं टाकत नाही. पण जागा सुरक्षित नाही असं वाटलं तर ती उचलून नेते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, ही म्हण काही उगाच आली नाही. सारखं कपाट उघडून बघणारी मुलं, दाराबाहेरचं फिस्कारणं, फोनचा फ्लॅश, एवढं पुरतं. त्यातून ती गॅलरीतून जायला लागली आणि दुसऱ्या मजल्यावरून तोंडात पिल्लू घेऊन छज्ज्यावर उतरली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पहिले दोन दिवस तिच्याशी मैत्री एवढंच काम. जमिनीवर बसायचं, सुकटीचा तुकडा पुढे सरकवायचा, तिच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. ती तुमच्या हातून खाऊ लागली की मग ती बाजूला जेवत असताना पिल्लू उचलायचं, अर्ध्या मिनिटात परत ठेवायचं. आईनं मानगूट धरून उचललेलं बघून आपला जीव दडपतो, पण मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत. आपले हात मात्र लागतात, म्हणून मानगुटीला धरू नका, पोटाखाली तळहात द्या.

तिनं तुम्हाला बोचकारलं किंवा चावली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जायचं. तिला लस आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, त्यामुळे 'बघू दोन दिवस' हा विचारच नको. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं माती साफ करू नये, आणि दुसऱ्या कुणी ती रोजच्या रोज काढावी. टोक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला बाधणारा परजीवी. त्याची अंडी विष्ठेतून पडल्यावर लागणीला तयार व्हायला एक ते पाच दिवस घेतात, रोज साफ केलं तर त्यांना तेवढा वेळच मिळत नाही.

आता माझा आवडता विषय, वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर स्टीलचा खोलगट डबा, डब्यात रुमाल, काटा शून्यावर आणा आणि पिल्लू आत ठेवा. रोज एकाच वेळी. जन्मताना पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं आणि रोज दहा ते पंधरा ग्रॅमनी वाढतं. डोळे किलकिले म्हणजे तुमची पिल्लं आठ-दहा दिवसांची असणार, तर आत्ता दोनशेच्या आसपास हवीत. पण आकड्यापेक्षा चढ बघा. दोनशे-दोनशेबारा-दोनशेबावीस असं चढणारं पिल्लू बारीक असलं तरी चालेल. माझ्या चौथ्या वहीत एका पिल्लापुढे १४२, १४४, १४१ असे तीन दिवस लिहिलेले आहेत. दिसायला ते व्यवस्थित होतं, आईला लुचतही होतं, रडतही नव्हतं. पण लुचणं आणि दूध पोटात जाणं या वेगळ्या गोष्टी. भावंडं त्याला ढकलून मागच्या, जास्त दुधाच्या सडांवर बसायची आणि ते पुढच्या कोरड्या सडाला तोंड लावून झोपी जायचं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं म्हणून वाचलं. तुमच्या लहान पांढऱ्याच्या बाबतीत मला हीच शंका आहे. त्याला दिवसातून तीन-चार वेळा बाकीच्यांना बाजूला करून मागच्या सडाला एकट्याला लावा. दोन दिवस वजन हललं नाही, किंवा एका दिवसात उतरलं, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर.

मग दुधाचं उत्तर आपोआप येतं. आई पाजतेय तोवर पिल्लांना वरचं काही नको. गाईचं दूध तर नकोच. त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत संपतं. वरचं द्यायची वेळ आलीच तर मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती. एका रात्रीची अडचण असेल तर शेळीचं दूध चालवून घ्यावं, सवय म्हणून नव्हे. आणि दोन नियम पक्के. पिल्लू गार असेल तर आधी छातीशी धरून ऊब द्यायची, गार पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही आणि पिल्लू दगावतं. दुसरं, पाजताना पिल्लू पोटावर, जसं आईला लुचतं तसं. आपल्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. कौतुकानं काढलेल्या व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा असंच उताणं धरलेलं असतं, ते बघून मला घाम फुटतो.

तुमचे पैसे आणि कष्ट आईच्या ताटलीत घाला. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं तिच्यापुढे दिवसभर भरून ठेवा, त्यात उष्मांक जास्त असतात. घरचं द्यायचं तर उकडलेलं कोंबडीचं मांस, काटे काढलेला बांगडा, अंडं. उकडल्याचं पाणी फेकू नका, ते वर घाला. मांजराला लागणारं टॉरीन नावाचं पोषकद्रव्य त्या पाण्यात उतरतं. कांदा-लसूण अजिबात नाही. पाणी दोन ठिकाणी. रोज तिच्या सडांवरून हात फिरवा. एखादा सड लाल, गरम, दगडासारखा लागला तर डॉक्टर. ती अचानक थरथरायला लागली, पाय ताठ झाले, धापा टाकू लागली तर तो कॅल्शियम उतरल्याचा झटका असू शकतो. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उचलून न्यायचं. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल? मांजरासाठी ते विष आहे. चतकोर गोळीसुद्धा.

पिसवांचं बोलायला हवं, कारण रस्त्यावरच्या मांजरीवर त्या असणारच. डोक्यातल्या उवांसाठीची बारीक फणी आणा. पिल्लाच्या शेपटीच्या बुडाशी फिरवा, निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा. कडेनं तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच रक्त. चार पिल्लांवर शंभर पिसवा म्हणजे पंडुरोगच. हिरड्या पांढुरक्या दिसतात. इतक्या लहान वयात फणीनं वेचून साबणाच्या पाण्यात बुडवणं हाच बिनधोक उपाय, स्प्रे कोणता चालेल ते डॉक्टर सांगतील. कुत्र्याचं औषध 'थोडंसं' लावायचं नाही. त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येऊन ते मरतं. जंतांचं औषध पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की वजनावरून सुरू होतं आणि दर पंधरा दिवसांनी देतात. आईच्या दुधातून जंत पोटात जातात, त्यामुळे 'बाहेर गेलंच नाही, जंत कुठून' हे म्हणणं लागू नाही. आईलाही त्याच वेळी.

म्हणजे या पंधरवड्यात काम एवढंच: दार बंद, आईला पोटभर, रोज वजन, फणी. आणि तुमच्या चौघांची लशीची फाईल शोधणं. ती सापडली नाही तर लस झालीच नाही असं समजून चौघांना डॉक्टरांकडे न्या. लस दिल्यापासून प्रतिकार तयार व्हायला दिवस लागतात, त्यामुळे हे पिल्लं बाहेर येण्याच्या आठवड्यात करून भागत नाही, आत्ताच करायचं. त्याच फेरीत धाकटीच्या ऑपरेशनची तारीख घ्या. ती माजावर आली की गॅलरीखाली बोक्यांची मैफल जमेल, आणि आतल्या बाळंतिणीचा जीव त्या आवाजानं अर्धा होईल.

बाळंतिणीला डॉक्टरांकडे कधी न्यायचं हे तिच्यावर अवलंबून. हातावर आली असेल तर दोनेक आठवड्यांनी, पिल्लांसकट, एकाच मोठ्या टोपलीत. फेलाईन ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची चाचणी करून घ्या; रक्ताच्या काही थेंबांवर तिथल्या तिथं होते. ल्युकेमिया लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एका ताटलीत खाण्यातून पसरतो, म्हणजे एकत्र घरात पसरायला त्याला भांडणाची गरज नाही. नकारार्थी आली तरी महिनाभरानं परत करायला सांगतील, कारण नुकतीच झालेली लागण चाचणीत दिसत नाही. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून जातो, त्याची धास्ती कमी. पिल्लांत एफआयव्ही आला तर घाबरू नका, ती आईची प्रतिपिंडं असू शकतात. सहा महिन्यांनंतर परत बघतात. आई मुळीच हाती येत नसेल, कोपऱ्यात बसून गुरकावत असेल, तर चाचणीपायी तिला जाळ्यात धरू नका, दूध आटेल. मग सगळं काम ऑपरेशनच्या दिवशी, भुलीखाली. पण तोवर चौदा दिवसांचं सुवेर दोन महिन्यांचं होईल, हे मान्य करून बसायचं.

आता एकत्र करण्याचं. चौदा दिवस सरले, कुणी शिंकत नाही, कुणाचे डोळे चिकटत नाहीत, जुलाब नाहीत, अंगावर नायट्यासारखे गोल टक्कल नाहीत, तर गाऊन-चपलेचा कडकपणा थोडा सैल करा. दार मात्र बंदच. पाजणारी आई परक्या मांजराला चार हात लांबवरूनच अंगावर घेते, आणि तुमच्या अकरा वर्षांच्या म्हाताऱ्यानं का म्हणून मार खायचा? आईची आणि तुमच्या मांजरांची ओळख करून द्यायचा घाट घालूच नका, असं माझं मत आहे. ओळख करायची ती पिल्लांची.

ती नाकापासून सुरू होते. पिल्लांखालचं फडकं घेऊन तुमच्या मांजरांच्या जेवणाच्या जागेपासून हातभर लांब ठेवा. हुंगतील, फिस्कारतील, निघून जातील. दोन दिवसांनी जेवता जेवता त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागली की फडकं थोडं जवळ. त्यांच्या गालावरून फिरवलेला रुमाल आत पिल्लांपाशी. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी ताटल्या. हे सगळं पिल्लं चार-पाच आठवड्यांची असताना, म्हणजे तोवर ती धडपडत चालायला, उथळ ट्रेमधल्या मातीत बसायला आणि आईच्या ताटलीत तोंड घालायला लागलेली असतात. (माती गोळा होणारी नको, पिल्लं ती खातात.) सहा-सात आठवड्यांना दाराच्या चौकटीत डासांची नव्हे, लोखंडी जाळी बसवा आणि आईला दुसरीकडे ठेवून दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं एकमेकांना बघू द्या. फिस्कारणं चालेल, तो त्यांचा शब्द आहे. कान मागे चिकटवून, अंग जमिनीला लावून, डोळे न मिटता रोखून बघणारं मांजर असेल तर जाळी झाका आणि दोन दिवस मागे जा.

जाळी कधी काढायची, यावर सांभाळणाऱ्यांत मतभेद आहेत. पिल्लांची पहिली लस आठव्या आठवड्याला, पुढची बाराव्या, शेवटची सोळाव्या. शेवटची इतकी उशिरा असते कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडं लशीला आत शिरूच देत नाहीत, आणि ती कुठल्या पिल्लात कधी संपतील याचा नेम नसतो. मधल्या काळात एखादं पिल्लू आईच्या कवचातून बाहेर पडलेलं आणि लशीचं कवच न मिळालेलं असं उघडं असू शकतं. काटेकोर लोक बारा आठवड्यांपर्यंत थांबतात. पण पिल्लं माणसांना आणि इतर मांजरांना आपलं मानायला शिकतात ते वय साधारण दोन ते सात-आठ आठवड्यांचं, आणि बंद खोलीत तीन महिने वाढलेलं पिल्लू भित्रं निघू शकतं. मी काय करते? घरच्या सगळ्यांना लस पूर्ण, आईची चाचणी ठीक, पिल्लं दणदणीत, तर पहिल्या लशीनंतर आठवडाभरानं, म्हणजे नवव्या आठवड्याला जाळी काढते. यातलं एक जरी डळमळीत असेल तर दुसऱ्या लशीपर्यंत थांबते. तुमच्याकडे आज तरी पहिलीच अट डळमळीत आहे. माणसांची सवय मात्र तिसऱ्या आठवड्यापासून भरपूर लावा. मांडीवर घ्या, रेडिओ लावा, सासूबाईंना रोज दुपारी पोथी त्याच खोलीत वाचू द्या. आवाजाला सरावलेली पिल्लं लवकर घरं मिळवतात.

जाळी काढल्यावर म्हाताऱ्यासाठी पिल्लांना चढता येणार नाही अशी उंच जागा ठेवा. त्याचं खाणं तिथंच. तो रुसल्यासारखा वागेल, पण मांजरानं दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तो रुसवा समजायचा नाही, त्याच्या यकृतावर येतं. आणि ताणात बोक्यांची लघवी अडकते. तुमच्या दोन्ही बोक्यांपैकी कुणी मातीत वारंवार बसतोय, जोर करतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं, तर तो त्याच दिवशीचा, तासातासाचा प्रश्न असतो. मातीचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, आणि सगळे एका ओळीत नकोत.

आईचं ऑपरेशन विसरू नका. पाजत असतानाही ती माजावर येऊ शकते, आणि नऊ आठवड्यांनी परत चार. म्हणून पिल्लं सुटेपर्यंत तिला खाली सोडू नका असं मी सांगेन, पण ती दार ओरबाडून रात्रभर ओरडत असेल तर तुमच्या शेजाऱ्यांचं आणि तुमचं किती निभेल ते तुम्हीच ठरवा. सोडलीच तर ती परत येताना बाहेरचं घेऊन येणार, मग सुवेराचे दिवस पुन्हा एकपासून. दूध आटल्यावर दोनेक आठवड्यांनी ऑपरेशन, कानाचं टोक कापून खूण, आणि ती तिच्या सोसायटीत परत. ती रस्त्यावरची राणी आहे, दोन बेडरूममध्ये सुखी होईलच असं नाही.

चार आणि चार आठ, असा हिशेब तुमच्या मनात चाललाय, ते प्रश्नातूनच कळलं. माझा सल्ला: एकही ठेवायचं नाही असं ठरवून सुरुवात करा, फार तर एका पिल्लापुढे हरा. दोन-दोनच्या जोडीनं द्या, दहा-बारा आठवड्यांआधी देऊ नका, आणि खिडक्यांना जाळी असलेल्या घरातच द्या. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडतं, तुमच्या गॅलरीचीही तपासा. घेणारे नर-मादी विचारतातच. शेपटी उचलून बघा: नराचं विसर्गासारखं, दोन टिंबं आणि मध्ये अंतर, मादीचं उलट्या उद्गारचिन्हासारखं, जवळजवळ. तीन आठवड्यांच्या आत मीही चुकते, त्यामुळे नावं जरा सांभाळून ठेवा.

उद्या सकाळपासून चारही पिल्लांचं वजन लिहायला लागा आणि तीन दिवसांचे आकडे मला इथेच कळवा. पांढऱ्याचे आधी.